सांबार म्हणजे कोथिंबीर, बॉस!

बाळापूर कुठं आलं, असं पुण्या-मुंबईत कुणी विचारलं की आमची पोरं 'अकोल्याजवळ' म्हणून मोकळी होतात. समोरचा चेहरा तरीही कोराच असेल तर 'शेगावच्या अलीकडं'. तरी नाही कळलं तर शेवटचा उपाय, 'नागपूर साइडला'. इथं मात्र माझं डोकं सणकतं. नागपूर आमच्यापासून अडीचशेहून जास्त किलोमीटर लांब आहे, राजेहो! तेवढ्या अंतरात पुण्याचा माणूस मुंबईला जाऊन निम्म्या वाटेनं परतही येतो. पण पश्चिम महाराष्ट्राच्या नकाशात विदर्भ म्हणजे एकच मोठं शहर, त्याचं नाव नागपूर, आणि तिथं सगळे जण दिवसभर संत्री सोलत बसलेले.

तर मंडळी, आधी पत्ता नीट लिहून घ्या. मन आणि महेस या दोन नद्यांच्या मधलं गाव. १७५७ साली बांधून पुरा झालेला भक्कम किल्ला, नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, आणि गावाला खेटून जाणारा मुंबई-कोलकाता हायवे, ज्याला आम्ही अजूनही 'एन एच सिक्स'च म्हणतो. सरकारनं त्याचा नंबर बदलून ५३ केला, आमच्या तोंडातला नाही बदलला. अकोला पंचवीसेक किलोमीटर, खामगावही जवळपास तेवढंच, शेगाव त्याहून थोडं जवळ. म्हणजे कचोरी एका बाजूला, कॉलेज दुसऱ्या बाजूला आणि आम्ही मधे. गावात खत-बियाण्याचं दुकान चालवत माझी पंचवीस वर्षं गेली. दुकानात औषधं विकतो आणि मतं फुकट देतो. मधल्या गावाचा हा फायदा असतो. आपलं स्वतःचं कुणी स्पर्धेत नसलं की निकाल देण्याचं काम आपसूक आपल्याकडं येतं.

सुरुवात खाण्यापासून करू, कारण भांडणं तिथूनच सुरू होतात.

शेगावची कचोरी तुम्ही खाल्ली आहे, असं तुम्हाला वाटतं. पण तुम्ही ती पुण्यातल्या कुठल्या तरी फूड फेस्टिव्हलमध्ये, चिंचेच्या चटणीत बुडवून, वर शेव घालून खाल्ली असेल, तर सॉरी बॉस, ती मोजायची नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबानं शेगाव स्टेशनवर ही कचोरी सुरू केली. ती प्रवासात खायची वस्तू आहे. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कागद, कागदात कचोरी आणि मिठात घोळलेली तळलेली हिरवी मिरची. चटणी नाही, दही नाही, चमचा तर नाहीच. गाडी हलायच्या आत दोन उडवायच्या. आतलं सारण कोरडं आणि मसालेदार असतं, म्हणून ती दुसऱ्या दिवशीही टिकते, हा तिचा मोठेपणा. पण टिकणं वेगळं आणि चांगलं लागणं वेगळं. ट्रॅव्हल्सच्या डिकीत बारा तास काढून हिंजवडीत पोचलेली कचोरी म्हणजे माहेरच्या माणसाचा पासपोर्ट साइज फोटो!

अमरावतीकर या विषयावर गप्प बसत नाहीत. ते लगेच गिला वडा काढतात. गिला म्हणजे ओला. भिजलेला, दह्याखाली झोपलेला, तोंडात टाकला की विरघळणारा वडा. मला तो आवडतो, हे मी अकोल्यात जाहीरपणे सांगत नाही. नागपूरकरांचे तर्री पोहे झकास असतात, त्यात वाद नाही. पण ते आणि सावजी मटण 'वऱ्हाडी' म्हणून विकायचं असेल तर आधी आम्हाला विचारा. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, वाशिम. नागपूर त्यात येत नाही. त्यांनाही यायचं नाही, आम्हालाही बोलवायचं नाही. दोन्हीकडं समाधान आहे.

खरं वऱ्हाडी खाणं दुकानात मिळतच नाही, ते वावरात मिळतं. रोडगे हा काय प्रकार आहे हे पुण्यातल्या मित्राला फोनवर समजवायला गेलो, तर तो म्हणाला, 'अच्छा, बाटी.' फोन ठेवून द्यावासा वाटला. कणकेचा गोळा पदर घालून घडवायचा, गोवऱ्यांच्या आरात घालायचा, राखेतून काढून फडक्यावर झटकायचा आणि फोडून त्यात तूप सोडायचं. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची अशी झणझणीत भाजी की तिचा तेलाचा तवंग पाहूनच जिममधला ट्रेनर रडायला लागेल. पन्नास-शंभर माणसं वावरात पंगतीनं बसतात, वाढणारा हट्टाला पेटतो आणि खाणारा लाजत नाही. तूर आमच्याच रानातली, डाळ अकोल्याच्या दालमिलची. फक्त पाणी कुठलं ते आधी बघावं लागतं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा असा तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे, आमच्या तालुक्यालाही तो शिवतो. तिथल्या विहिरीचं पाणी खारं, त्यात डाळ शिजता शिजत नाही आणि चहा तर कशाशी खातात ते कळत नाही. त्यामुळं पंगतीला गोड्या पाण्याचा टँकर मागवणारा यजमान आमच्याकडं खरा रसिक समजला जातो. दिल्लीत वाइन टेस्टिंग चालतं म्हणे. आम्ही वॉटर टेस्टिंग करतो!

आणि मग भाषेचा घोळ. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. टोमॅटोला भेद्रं. शेंगदाण्याला फल्लीदाणे. पिठल्याला सरळ बेसन. माझा एक वर्गमित्र १९९९ साली पुण्याला नोकरीला गेला आणि पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्या मावशींना म्हणाला, 'दोन रुपयांचा सांबार द्या.' मावशींनी शेजारच्या उडुप्याकडं बोट दाखवलं. हा किस्सा त्यानं आम्हाला सांगितला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. नंतर कळलं, विदर्भातून पुण्याला गेलेल्या प्रत्येकाकडं हाच किस्सा असतो, फक्त मावशींचा पेठेतला पत्ता बदलतो. त्याच मित्रानं मागच्या वर्षी मला एका 'ऑथेंटिक वऱ्हाडी थाळी'वाल्या हॉटेलात नेलं. मेन्यू कार्डवर 'कोथिंबीर वडी' आणि 'पिठलं' छापलेलं. मी वेटरला विचारलं, यात वऱ्हाडी काय आहे? तो म्हणाला, सर, स्पायसी आहे ना!

म्हणजे चव आमची चालते, शब्द चालत नाही. हे तेवढं लक्षात ठेवा, पुढं कामी येईल.

आता कॉलेज. मी १९९६ ते ९९ अकोल्याच्या आर. एल. टी. सायन्स कॉलेजात होतो. बाळापूरहून सकाळची एस. टी., खिडकीतून रुमाल टाकून धरलेली सीट, आणि परतताना कंडक्टरच्या शेजारी उभं राहून ऐकलेल्या जिल्ह्याभरच्या बातम्या. अकोल्यात तेव्हा तीन जाती होत्या. आम्ही आर. एल. टी.वाले स्वतःला हुशार समजायचो. सीताबाई आर्ट्सचे लोक स्वतःला कलावंत समजायचे. आणि शिवाजी कॉलेजात सगळंच होतं, आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, त्यामुळं ते स्वतःला बहुमत समजायचे. आम्ही त्यांना टोमणा मारायचो की तुमची संस्था तर अमरावतीची, तुम्ही अकोल्याचे कधीपासून? टोमणा फॅक्ट चेकमध्ये पास होतो. श्री शिवाजी शिक्षण संस्था पंजाबराव देशमुखांची, मुक्काम अमरावती.

पण हा टोमणा उलटतोही. अकोल्याची शान असलेलं कृषी विद्यापीठ कुणाच्या नावाचं? त्याच पंजाबरावांच्या, आणि त्यांचं पापळ गाव अमरावती जिल्ह्यातलं. अमरावतीकर हे सांगताना असे हसतात की हातातला समोसा फेकून मारावासा वाटतो.

बाकी अकोला-अमरावती हे भांडण मी कुठल्याही कॉलेज रायव्हलरीच्या वर ठेवतो. अमरावतीकडं विभागाचं आयुक्तालय आहे, १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेलं विदर्भ महाविद्यालय आहे, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९८३ पासून विद्यापीठही आहे, आणि सुरेश भटांचा जन्म तिथला. एवढं सगळं ऐकून घ्यायचं आणि मग शांतपणे म्हणायचं, 'पण मेन लाइनची गाडी पकडायला बडनेऱ्याला जावं लागते ना तुमाले?' मॅच संपली. २०२२ साली याच दोन जिल्ह्यांमधला ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव गेलं, तेव्हाही चर्चा एवढीच, की रस्ता अमरावतीहून अकोल्याकडं केला की अकोल्याहून अमरावतीकडं.

हे सगळं टाइमपास वाटतं. पण यातली एक स्पर्धा टाइमपास नव्हती. राज्यातलं पहिलं कृषी विद्यापीठ कुठं व्हावं यावरून १९६७ मध्ये विदर्भ पेटला होता. अकोल्यात आंदोलन झालं, गोळीबार झाला, पोरं मेली. १९६८ मध्ये विद्यापीठ राहुरीला सुरू झालं आणि अकोल्याचं २० ऑक्टोबर १९६९ ला. आज त्या कॅम्पसच्या रस्त्यांवर सकाळी वॉकला येणारे लोक कानात इअरबड घालून चालतात, त्यांना मी दोष देत नाही, मीही तसाच चालतो. पण दुकानात कुणी तरुण मला म्हणाला की 'काका, इथं काय ठेवलंय,' तर मी त्याला त्या विद्यापीठातून निघालेल्या बियाण्याची पिशवी दाखवतो. ते फुकट मिळालेलं नाही.

आमच्या गॅदरिंगकडं परत येतो. प्रत्येक कॉलेजचं नाटक असायचं, आणि नाटकाचा एक पक्का फंडा होता. हिरो पुण्यासारखं बोलणार. हिरोईनही. वऱ्हाडी बोलणार तो घरगडी, नाहीतर दारुडा, नाहीतर हवालदार. ज्या पोरानं आयुष्यात कधी 'कशाला' म्हटलं नव्हतं, कायम 'कायले' म्हणायचा, तो स्टेजवर चढला की 'प्रिये, तू अशी गप्प का?' खाली बसलेले आम्ही अस्सल वऱ्हाडीत त्याची वाट लावायचो. वऱ्हाडीला हक्काची जागा एकच, फिशपॉन्ड. कुणाची खिल्ली उडवायची असली की आमची भाषा. प्रेम करायचं असलं की सदाशिव पेठेची.

मी स्वतः तेच केलं. 'कुछ कुछ होता है' १९९८ च्या दिवाळीत लागला होता, सगळ्या अकोल्याच्या गळ्यात फ्रेंडशिप बँडवाली चेन लटकत होती. शिवाजी कॉलेजातली, अकोटहून येणारी एक मुलगी मला जाम आवडायची. म्हणजे रायव्हल कॅम्पमधली. बस स्टँडवर हिंमत करून मी तिला पाठ केलेली तीन वाक्यं म्हणून दाखवली, एकदम शुद्ध, श आणि ष वेगळे काढून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'तू असा काऊन बोलून राह्यला? बातम्या देऊन राह्यला काय?'

लग्नाला आता तेवीस वर्षं झाली. घरात अजूनही आर. एल. टी. विरुद्ध शिवाजी चालतं.

हाच फिशपॉन्डचा नियम पुढं टीव्हीनं चालवला, असं माझं मत आहे. लोक मला विचारतात, 'वऱ्हाड निघालंय लंडनला' तुमच्याकडचं ना? नाही हो. ते वऱ्हाड म्हणजे लग्नाचं वऱ्हाड, आणि लक्ष्मण देशपांड्यांची ती अफाट एकपात्री बोली मराठवाड्याची. नाव आमचं दिसलं आणि लोकांनी परस्पर आमच्या नावावर लावून टाकलं. आमची बोली घराघरांत नेली ती 'चला हवा येऊ द्या'मधून भारत गणेशपुरेंनी. हा माणूस अमरावतीचा, आणि २०१४ नंतर पुण्यातले लोक पहिल्यांदा आपणहून 'काऊन बे' म्हणायला लागले. मी फॅन आहे. त्यांच्या टायमिंगला तोड नाही. पण त्यानंतर एक झालं. मी पुण्यात तोंड उघडलं की लोक आधीच हसायला तयार! मी भावाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात गेलो होतो, काउंटरवर 'पैसे कुठी भरायचे' विचारलं, तर आतली पोरगी तोंडावर हात ठेवून म्हणाली, 'सर, किती क्यूट बोलता.' मला त्या दिवशी क्यूट व्हायचं नव्हतं.

दुसरा पर्याय म्हणजे रडणं. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९ मध्ये आला. चांगला सिनेमा, मी दोनदा पाहिला. पण कापूस, कर्ज आणि फास, एवढीच आमची गोष्ट आहे का? उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये 'धग' लिहिली तेव्हा त्यातली कौतिक वऱ्हाडीत बोलली, भांडली, संसार ओढत राहिली, आणि कुणाला ते विनोदी वाटलं नाही. पुरुषोत्तम बोरकरांनी 'मेड इन इंडिया' ही अख्खी कादंबरी वऱ्हाडीत लिहिली. पुस्तकांनी जे केलं ते पडद्यानं का नाही केलं? २०१६ मध्ये 'सैराट' आला आणि करमाळ्याकडच्या बोलीत आर्ची-परश्यानं सगळ्या महाराष्ट्राला प्रेम करायला लावलं. अकोल्यात पब्लिक नाचत होतं. मीही नाचलो. पण घरी येताना बायकोला म्हटलं, आपल्या भाषेत कोणी हिरो होऊन कधी प्रपोज करीन? ती म्हणाली, 'तुह्याच्यानं झालं नाई, आता दुसऱ्याले काऊन बोलतं?'

क्रिकेटमध्ये निदान हिशेब चुकता झाला. २०१७-१८ च्या रणजी फायनलला विदर्भ पहिल्यांदा गेला, इंदोरला दिल्लीला हरवलं, गुरबानीची हॅटट्रिक! पुढच्याच वर्षी पुन्हा, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. आमच्या अकोल्याचा अथर्व तायडे टीव्हीवर दिसला की दुकानात गिऱ्हाईक थांबलं तरी चालतं. त्या दिवसांपुरतं अमरावती, अकोला, नागपूर सगळं एक. ट्रॉफी आली की दुसऱ्या दिवशी परत कचोरी.

आता माझ्या पोरीचं सांगतो, कारण घरात सध्या तोच विषय आहे. कॉलेज रायव्हलरी तिच्या पिढीत उरलेली नाही. तिला अकरावी-बारावीच्या कॉलेजचं नाव आठवायला दोन सेकंद लागतात. अकोला आता कोचिंग क्लासेसचं गाव झालंय. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पोरं येतात, खोल्या करून राहतात, चौकाचौकात टॉपर्सचे होर्डिंग, आणि भांडण काय तर तुझा क्लास कुठला आणि मॉक टेस्टला किती. आम्ही निदान नाटकात हरायचो.

ही पोरगी घरात एकदम शुद्ध बोलते. 'पप्पा, मी करते आहे ना.' माझ्या आईला 'आजी, तू जेवलीस का?' असं विचारते आणि आई माझ्याकडं अशी बघते, जसं घरात कुणी तहसीलदार आलाय. पण तिचे रील्स बघा! तिथं ती आजीची ओढणी डोक्यावर घेऊन तुफान वऱ्हाडी बोलते. 'कायले आली वं?', 'बम झालं', सगळं. हजारो लाइक्स. कॉमेंटमध्ये पुण्या-मुंबईचे लोक हसून लोळतात. मी तिला एकदा विचारलं, हे तू आमच्याशी का नाही बोलत? ती म्हणाली, 'पप्पा, ते कंटेंट आहे.'

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. दुकानात बसून दिवसभर विचार केला. तिची चूक नाही. ती जे बघत मोठी झाली त्यात ही भाषा हसवायलाच वापरतात. आम्हीही फिशपॉन्डमध्ये तेच केलं, फक्त आमच्याकडं कॅमेरा नव्हता.

बारावीनंतर प्रश्न आला शेगावचं इंजिनिअरिंग की पुण्याचं. बायकोचं मत शेगाव, कारण घरून जाऊन-येऊन. माझ्या आईचंही शेगाव, तिचं कारण गजानन महाराज. पोरीनं ऑप्शन फॉर्म भरताना पहिल्या सहा ओळी पुण्याच्या टाकल्या आणि दुसऱ्या ओळीवर नंबर लागला. मी काही बोललो नाही. मधल्या गावचा माणूस आहे, पोरं कुठंतरी जाणार हे धरूनच चालतो. मला खरी धाकधूक होती ती वेगळी. पुण्यात ती वऱ्हाडी फक्त मोबाइलसमोर बोलेल आणि हळूहळू तिच्यापुरतीही ती दुसऱ्याची भाषा होईल, ओढणीसारखी घालायची आणि काढून ठेवायची.

जुलैमध्ये सोडून आलो. खोलीत तीन मुली, एक सांगलीची, एक पुण्याजवळची. डब्यात ठेसा, मुंगवड्या, कळण्याचं पीठ. निघताना तिची आई म्हणाली, 'जेवत जाजो, उपाशी राहू नोको.' पोरीनं मान हलवली. शुद्ध मान.

तीन आठवड्यांनी, रात्री दहाला फोन. मागं गडबड चालली होती. ती मेसमधल्या भाजीबद्दल तक्रार करत होती आणि बोलता बोलता म्हणाली की भाजीत सांबार पण टाकत नाहीत. मागून कुणी तरी खो खो हसलं, 'भाजीत सांबार?' मी थांबलो. आता ही हसून घेईल, 'म्हणजे कोथिंबीर' असं समजवेल, असं वाटलं.

फोन तोंडापासून लांब गेला, पण आवाज स्पष्ट होता. 'काऊन हसून राह्यली वं? ठेसा खाताना तं नाई हसली!'

मग परत माझ्याकडं आली. 'पप्पा, तो ठेसा संपला. तिघींनी संपवला. येताना दोन डबे आणजा.'